पैठणचे लग्न आणि पानिपतची वाट

दिल्लीहून अंबाल्याकडे जाणारा महामार्ग धरला की सुमारे ९० किलोमीटरवर पानिपत लागते. आज वाहनाने दोन तासांच्या आत गाठता येणारे हे अंतर १७६० च्या हिवाळ्यात मराठी फौजेला ओलांडता आले नाही. पुढे अब्दाली, मागे दिल्ली आणि मधली वाट बंद, अशी तिची अवस्था होती.

मार्च १७६० मध्ये परतूरहून सदाशिवरावभाऊ उत्तरेस निघाले, तेव्हा त्यांच्यासोबत केवळ शिपाई नव्हते. पेशव्यांचे अठरा वर्षांचे ज्येष्ठ चिरंजीव विश्वासराव होते, भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. फौजेचे संरक्षण लाभेल, तीर्थयात्रा घडेल, या आशेने अनेक कुटुंबेही निघाली होती. तरुण नाना फडणीसांसमवेत त्यांची आई आणि पत्नी होत्या. घर सोडून लांब जाणाऱ्याला जे चुकते ते घरच बरोबर घेतल्याने चुकणार नाही, असा बहुधा त्या काळचा हिशेब असावा.

ऑगस्टच्या आरंभी दिल्लीचा किल्ला हाती आला. परंतु खजिना रिकामाच होता. एवढ्या मोठ्या फौजेला रोजचा दाणागोटा हवा. अखेर दिवाणे-खासच्या छताचे रुपे उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. नऊ लाखांच्या आसपास रुपये उभे राहिले, आणि तेही लवकरच सरले. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा जिंकून फौजेने दसरा तेथेच साजरा केला. त्यानंतर लगेच, २५ ऑक्टोबरला, अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट तोडली.

मग पत्रेही पोहोचेनाशी झाली. रसद तोडण्याच्या कामावर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये गाझियाबादजवळ मारले गेले. दिल्लीहून नारो शंकरांनी घोडेस्वारांबरोबर पैसा पाठविला. जानेवारीच्या आरंभी त्यातील एक तुकडी रात्री वाट चुकून थेट अफगाण छावणीतच शिरली.

इकडे दक्षिणेत दिवस नेहमीप्रमाणे चालले होते. २७ डिसेंबर १७६० रोजी पैठणजवळ नानासाहेब पेशव्यांचा विवाह राधाबाईंशी झाला. या विवाहावरून इतिहासकारांनी त्यांना पुष्कळ दोष दिला आहे, आणि तो सर्वस्वी गैरही नाही. मात्र मंडपात अक्षता पडत असताना आपला मुलगा आणि चुलतभाऊ उपाशी छावणीत आहेत, याची पूर्ण कल्पना त्या पित्याला असेल असे वाटत नाही. वडिलांच्या लग्नाची वार्ता विश्वासरावांच्या कानी कधी पडली की नाही, हेही कळावयास मार्ग नाही.

पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, १४ जानेवारी १७६१. त्या दिवशी विश्वासराव आणि भाऊसाहेब दोघेही पडले.

पेशवे तोवर मदतीसाठी उत्तरेकडे निघाले होते. माळव्यात भेलसा येथे २४ जानेवारीला त्यांच्या हाती एक चिठ्ठी आली. ती दरबारी नव्हती. दक्षिणेतील पेढीकडे निघालेल्या सावकारी जासुदाची होती, असे सांगतात. हुंडीच्या व्यवहारात बातमी लवकर कळणे म्हणजे भांडवल, म्हणून सावकारांचे जासूद सरकारी डाकेच्या आधी पोहोचत. त्यात मजकूर व्यापारी भाषेत होता: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि चांदी-तांब्याची गणतीच नाही. दोन मोती कोणते, हे नानासाहेबांना कोणी उलगडून सांगावे लागले नाही. त्याच वर्षी २३ जूनला पुण्यात पर्वतीवर त्यांचे निधन झाले.

नाना फडणीस परतले, त्यांच्या पत्नीही परतल्या. आई मात्र परतल्या नाहीत. पार्वतीबाई पुण्यास आल्या, पण भाऊसाहेब गेले हे त्यांनी मानले नाही, वैधव्याची चिन्हे स्वीकारली नाहीत. पुढे भाऊंचे नाव सांगणारा एक तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. भाऊसाहेब घरी येतील या आशेवर त्याच्यामागे जाणारे लोक तोवर, पानिपतानंतर पंधरा वर्षे लोटल्यावरही, महाराष्ट्रात होते.