साखर आपल्याला, चोथा घोड्याला!

दोस्तांनो, साखर कशापासून होते? 'उसापासून!' तुम्ही एका दमात सांगाल. आपल्याकडे ते खरंच आहे. पण युरोपातल्या थंड देशांत ऊस पिकत नाही. तिथे साखर होते साखरबिटापासून. कोशिंबिरीतल्या लाल बिटाचा हा पांढरा भाऊ! १७४७ साली मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बिटात साखर असल्याचं दाखवून दिलं. पुढे त्याचा शिष्य आखार्ड याने १८०१ मध्ये बिटाच्या साखरेचा पहिला कारखाना उभारला.

कारखान्यात बिटाचे बारीक, लांबट काप करतात आणि गरम पाण्यात त्यांतली साखर उतरवून घेतात. मागे उरतो चोथा. आपल्या कारखान्यांत उसाचा चोथा बहुतेक इंधन म्हणून जळतो. बिटाचा चोथा मात्र पिळून, वाळवून गुरांना आणि घोड्यांना खाऊ घालतात.

साखर काढून घेतल्यावर त्यात उरलं काय? उरले तंतू! आपल्याला त्यातून फारशी शक्ती मिळणार नाही. पण घोड्याच्या पोटाची तऱ्हाच निराळी. ५०० किलोचं धूड, पण जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. खरं काम चालतं मागे, मोठ्या आतड्यात. तिथे असंख्य सूक्ष्मजीव राहतात. ते गवताचे तंतू आंबवतात आणि त्यातून घोड्याला शक्ती मिळते. बिटाच्या चोथ्यातले तंतू तर वाळलेल्या गवतापेक्षाही सहज आंबतात.

'मग सरळ चंदीच वाढवावी की!' असं कुणी म्हणेल. पण तिथेच धोका आहे. एकदम खूप दाणा दिला, तर त्यातलं पिष्ट न पचताच मोठ्या आतड्यात जातं. तिथे आम्ल वाढतं आणि उपयोगी सूक्ष्मजीव मरतात. घोड्याला पोटशूळ उठतो, खुरांच्या आत सूज येते. कधी कधी बिचारा प्राणासही मुकतो. म्हणून हडकुळ्या किंवा दात झिजलेल्या म्हाताऱ्या घोड्याला थोडी चंदी कमी करून बिटाचा चोथा देतात.

मात्र एक नियम पागेत विसरून चालत नाही. चोथा आधी पाण्यात नीट भिजवायचा! वाळलेला चोथा पाणी पिऊन टम्म फुगतो. त्याच्या दाबून केलेल्या घट्ट गोळ्या तर जास्तच फुगतात. त्यांना पाणीही जास्त लागतं आणि वेळही. अधाशी घोड्याने कोरडा चोथा बकाबका खाल्ला, तर तो अन्ननलिकेत अडकू शकतो. घोड्याला उलटी करता येत नाही, ठाऊक आहे ना? मग नाकपुड्यांतून लाळ आणि अन्न गळू लागतं आणि पशुवैद्याला धावत यावं लागतं. भिजवलेला चोथाही फार वेळ ठेवायचा नाही. उन्हाळ्यात तो लवकर आंबतो.

आणि चोथा पौष्टिक असला, तरी तो पूरकच. त्यात कॅल्शियम भरपूर, पण फॉस्फरस कमी आणि अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. घोड्याचं खरं जेवण म्हणजे गवत. चोथा आपला पानातल्या डाव्या बाजूसारखा!

भिजून फुगणं म्हणजे काय, ते बघायचंय? चमचाभर सब्जा वाटीभर पाण्यात टाका आणि अर्ध्या तासाने बघा. पागेतली ती बादली आधी का भिजत ठेवतात, ते लगेच पटेल!