सनद एकच, भाव निरनिराळे

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की आपल्या व्यापारी आणि कारागीर मंडळींच्या घरांत हल्ली एक प्रश्न निघतो. मुलाला किंवा मुलीला वकील व्हायचे आहे, नामांकित कॉलेजात नंबर लागत नाही, तर मग जे साधेसुधे कॉलेज मिळते आहे ते घ्यावे की नाही? एजंट म्हणतो, लवकर पैसे भरा, सीट जाईल. नातेवाईक म्हणतात, अशा कॉलेजच्या डिग्रीला कोण विचारतो? दोघांच्या मध्ये बाप बसलेला असतो आणि त्याच्यासमोर चार-सहा लाखांचा आकडा असतो. यंत्रमागवाल्याच्या किंवा छोट्या दुकानदाराच्या घरी ही कित्येक वर्षांची बचत असते. तेव्हा भावनेला थोडे बाजूला ठेवून, माल घेताना करतो तसा या सौद्याचा हिशेब करून पाहू.

माल कोणता, छाप कोणता?

कोणतेही लॉ कॉलेज आपल्याला दोन गोष्टी देते. एक तालीम, दुसरी सनदेची पात्रता. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेल्या कॉलेजची डिग्री असली की राज्याची बार कौन्सिल सनद देते. आपल्याकडे ही कौन्सिल महाराष्ट्र आणि गोव्याची एकच आहे. ही सनद घेऊन वकील देशातल्या कोणत्याही न्यायालयात उभा राहू शकतो. तिच्यात अव्वल कॉलेजची आणि साध्या कॉलेजची अशा दोन जाती नाहीत. एकाच मागावरचा ग्रे ताका दोन दुकानांत दोन छाप मारून विकला, तरी सूत तेच असते, तसे हे आहे.

सनदेची फी पूर्वी निरनिराळ्या राज्यांत हजारोंच्या घरात घेतली जात असे. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी निकाल दिला की नोंदणीसाठी खुल्या प्रवर्गाकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपये, याहून जास्त फी घेता येणार नाही. स्टॅम्पचा खर्च तेवढा वेगळा. शिवाय २०१० पासून अखिल भारतीय बार परीक्षा सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. १०० प्रश्नांचा हा पेपर राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या मुलालाही तोच आणि तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलालाही तोच. तो मराठीतही देता येतो.

आता नंबराबद्दल. केंद्र सरकार दरवर्षी एनआयआरएफ नावाची क्रमवारी काढते. २०२५ च्या यादीत कायद्याच्या फक्त ४० संस्था होत्या. देशात लॉ कॉलेजे सुमारे २,०००. म्हणजे ज्याला आपण खालच्या नंबराचे कॉलेज म्हणतो, त्याला बहुधा नंबरच नसतो. होर्डिंगवर 'विभागात अव्वल' असे लिहिलेले असते, ते रंगवणाऱ्याने लिहिलेले असते. कॉलेजांचा दर्जा घसरतो आहे हे बार कौन्सिल ऑफ इंडियाला स्वतःलाच मान्य करावे लागले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिने नव्या लॉ कॉलेजांना तीन वर्षांची बंदी घातली.

मोठ्या नावाला किंमतच नाही असे मात्र कोणी समजू नये. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्म आणि कंपन्या निवडक विधी विद्यापीठांच्या आवारात जाऊन मुले उचलतात. तिथे छापाला भाव आहे. तिथला प्रवेश क्लॅट परीक्षेतून होतो, तिचा पेपर इंग्रजीत असतो आणि फी वर्षाला लाखांत जाते. आपल्या मुलाला असा प्रवेश मिळत असेल तर पोट बांधूनही तो खर्च विचारात घ्यावा. पण ज्या कॉलेजात या फर्म पायही ठेवत नाहीत, त्याने फी मात्र त्याच तोलाची मागावी, हा सौदा तोट्याचा. जिल्हा किंवा सत्र न्यायालयात पक्षकार वकिलाकडे येतो तो त्याचे काम पाहून. कोणत्या कॉलेजात शिकलात, हे त्याने विचारलेले कोणी ऐकले आहे काय?

वहीत मांडून पाहू

समजा, दोन मुले पदवीनंतर तीन वर्षांच्या एलएल.बी.ला बसली. खालचे आकडे मांडणी समजावी म्हणून धरलेले आहेत. आपापल्या गावचे खरे आकडे त्यांच्या जागी घालावेत.

पहिला मुलगा घरापासून जवळच्या अनुदानित कॉलेजात गेला. फी वर्षाला १०,००० रुपये, पुस्तके आणि बसभाडे २०,००० रुपये. तीन वर्षांचे झाले ९०,००० रुपये.

दुसरा मोठ्या शहरातल्या विनाअनुदानित खासगी कॉलेजात गेला. त्या कॉलेजचे नावही कोणत्याच यादीत नाही. फी वर्षाला ८०,०००, खोली आणि मेस १,२०,०००, पुस्तके आणि प्रवास २०,०००. तीन वर्षांचे ६,६०,००० रुपये.

फरक ५,७०,००० रुपये. दोघांच्या हाती तीन वर्षांनी सनद मात्र एकच. पहिल्याच्या बापाने हा फरक जपून ठेवला, तर तो मुलाला महिना १५,००० रुपयांप्रमाणे ३८ महिने देऊ शकतो. तीन वर्षांहून थोडे जास्तच. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली या ३८ महिन्यांत आहे.

खरी तालीम सिनियरकडे

वकिलाची कमाई सनद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. सुरुवातीची तीन-चार वर्षे सिनियर वकिलाच्या ऑफिसात फायली वाचणे, तारखा घेणे, नकला काढणे, अर्ज लिहिणे, यातच जातात. आपल्याकडे कारागिराचा मुलगा उस्तादाच्या हाताखाली बसतो, तसेच हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने सूचना काढली की ज्युनियरला शहरी भागात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत. पण हा सल्ला आहे, सक्ती नाही. प्रत्यक्षात पुष्कळ ज्युनियरांच्या हाती जाण्यायेण्याच्या खर्चापुरतेच पैसे पडतात.

इथेच आपल्या मुलांची वकिली मोडते. बापाने सगळी पुंजी कॉलेजात घातलेली असते, पुढे ज्युनियरशिपची वर्षे काढायला घरात काही उरत नाही. मग हुशार मुलगाही सहा महिन्यांत काळा कोट खुंटीला लावतो आणि दहा-बारा हजारांच्या नोकरीला जातो. कॉलेज साधे होते म्हणून तो मागे पडला, असे लोक म्हणतात. खरे तर त्याला थांबायला वेळ मिळाला नाही.

भूषण गवई यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. ते अमरावतीत कायदा शिकले, १९८५ मध्ये वकील झाले आणि मे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. घरात वडिलांचे मोठे नाव होते, ही गोष्टही लपवण्यासारखी नाही. पण सुरुवातीची वर्षे त्यांनी राजा भोसले यांच्यासारख्या माजी महाधिवक्त्याच्या हाताखाली काढली, हे पाहण्यासारखे आहे. कॉलेज कोणते, यापेक्षा ऑफिस कोणाचे, या प्रश्नाला वजन जास्त आहे.

न्यायाधीश होण्याची इच्छा असणाऱ्यांनाही ही वर्षे आता टाळता येत नाहीत. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे त्या रस्त्यावरही तेच ३८ महिने उभे आहेत.

गल्लाही आणि कोर्टही?

आपल्यातले अनेक जण म्हणतात, मुलगा दुकान सांभाळील आणि वकिलीही करील. हे नियमात बसत नाही. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला स्वतः व्यापार करता येत नाही. तो कामकाजात भाग न घेणारा भागीदार राहू शकतो. वडिलोपार्जित धंदा वारशाने आला तर त्यातला हिस्सा ठेवता येतो, पण कारभारात स्वतः लक्ष घालता येत नाही. तेव्हा प्रवेशाआधीच घरात ठरवावे की मुलगा कोर्टात बसणार की गल्ल्यावर. डिग्री घेऊन सनद न घेता दुकान चालवायला मात्र कोणाची हरकत नाही.

गल्ल्यावरच बसायचे असेल तर कायद्याचे ज्ञान कामाचे नाही काय? जरूर आहे. आपला व्यापार उधारीवर चालतो. चेक परत आला तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, नोटीस पोहोचल्यापासून समोरच्याला १५ दिवस द्यावे लागतात आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद करावी लागते. उधारीच्या साध्या वसुलीचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. एक तारीख हुकली की हक्काचा पैसाही अडकतो. हे जाणणारा एक माणूस घरात असणे मोलाचे आहे. पण त्याच्यासाठी साडेसहा लाख मोजण्याची गरज नाही. गावातल्या कमी फीच्या कॉलेजात हे सारे शिकता येते. जीएसटी अधिकाऱ्यापुढे तर व्यापाऱ्याच्या वतीने त्याचा नातेवाईक किंवा कायम नोकरही जाऊ शकतो, त्याला वकील असावेच लागत नाही.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी

आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांच्या मनात भाषेची धास्ती असते. महाराष्ट्रात १९९८ पासून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, उच्च न्यायालयाची इंग्रजी. पण कोर्टाची मराठी जरा कान देऊन ऐका. दावा, अर्ज, फिर्याद, जामीन, कैफियत, वकीलपत्र, मुखत्यारपत्र, दस्तऐवज, हुकूमनामा, तहकूब, इसार. हे शब्द आपल्या मुलांना परके नाहीत, घरचेच आहेत. कमी पडते ते शुद्ध मराठी लिहिणे आणि संगणकावर मराठी टंकणे. फीसाठी जमवलेल्या पैशांतून थोडे या दोन गोष्टींवर आणि इंग्रजीवर घातले, तर ते कॉलेजच्या नावापेक्षा जास्त परतावा देतील. राज्याची लॉ सीईटी मराठीतून देता येते, हेही ध्यानात ठेवावे.

पैसे भरण्याआधी

कॉलेज साधे असायला हरकत नाही, पोकळ नसावे. म्हणून काही गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात.

बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता चालू वर्षासाठी आहे काय, हे कागदावर पाहावे. पत्राने शिकवलेल्या एलएल.बी.वर सनद मिळत नाही, हे विसरू नये. विनाअनुदानित कॉलेजची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ठरलेल्या फीवर कोणी 'वरचे' मागत असेल तर ती कॅपिटेशन फी आहे आणि ती घेणे गुन्हा आहे. दुपारी एखाद्या वर्गात डोकावून तास होतात की नाही ते पाहावे. 'यायची गरज नाही, हजेरी आम्ही लावू' असे सांगणाऱ्या कॉलेजपासून दूर राहावे, कारण नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी ठेवलेली आहे आणि न शिकलेला मुलगा बार परीक्षेत अडकतो. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यायचा असतो. कॉलेज मुलांना त्यासाठी कोर्टात पाठवते की नुसते प्रमाणपत्र जमा करून घेते, हे मागच्या वर्षीच्या मुलांना विचारावे. कॉलेजपासून जिल्हा न्यायालय चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर तो मोठा फायदा समजावा. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांत समाजासाठी राखीव जागा असतात, त्यांचीही चौकशी करावी.

आणि शेवटचा प्रश्न घरात विचारावा. कर्ज न काढता फी भरता येते काय, आणि भरल्यावर तीन वर्षांचा ज्युनियरशिपचा खर्च हाती राहतो काय? दोन्हींचे उत्तर होय असेल तर नंबर नसलेल्या कॉलेजातही मुलाला बेधडक घालावे. फी भरताना घर रिकामे होत असेल आणि वर व्याजाचा बोजाही बसत असेल, तर ती सीट सोडून द्यावी. एक वर्ष थांबून पुन्हा सीईटी देणे किंवा गावात बी.कॉम. करून मग तीन वर्षांच्या एलएल.बी.ला जाणे त्यापेक्षा शहाणपणाचे. एजंट सांगतो तशी सीट पळून जात नाही. ती पुढच्या वर्षीही येते. घरातून गेलेली पुंजी परत यायला मात्र उमर लागते.