जबडा वाचला, पुढे काय?

लोणीला १९९० साली ग्रामीण दंत महाविद्यालय सुरू झालं, त्या काळात नगर जिल्ह्यातल्या खेड्यांसाठी दातांचा डॉक्टर म्हणजे दात काढणारा डॉक्टर. दाढ ठणकली की लवंगेचं तेल, नाहीतर मिश्री. अगदीच सोसेना तेव्हा तालुक्याला जाऊन ती काढून यायची. काढलेल्या दाढेच्या जागी काय बसवायचं, हा प्रश्न कवळीच्या वयापर्यंत पुढे ढकललेला असे. लोणीच्या प्रवरा परिसरात साखर कारखान्याच्या पाठोपाठ रुग्णालय, १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आणि मग दंत महाविद्यालय उभं राहिलं. त्यामुळे जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठी दरवेळी पुणे-मुंबई गाठायची गरज उरली नाही. ही सोय मोठी होती, यात वाद नाही. पण या पस्तीस वर्षांचा हिशेब मांडायचा तर किती शस्त्रक्रिया झाल्या, एवढं विचारून भागत नाही. त्यानंतर माणसाला भाकरी चावता आली का, हेही विचारावं लागतं.

इम्प्लांटचा, म्हणजे हाडात बसवलेल्या दाताचा, सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क यांना सशांच्या हाडांवर काम करताना दिसलं. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात ते बसवलं. लार्सन यांची टाळू जन्मतः दुभंगलेली होती आणि जबडाही बिघडलेला होता. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर दंतवैद्यकाच्या जगाने ही पद्धत मनापासून स्वीकारली. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. लार्सन २००६ मध्ये वारले तोवर, चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते इम्प्लांट त्यांच्या तोंडात काम करत होते, आणि ते कसे आहेत हे डॉक्टरांना ठाऊक होतं. शस्त्रक्रियेचं यश असं मोजायचं असतं.

आपल्याकडे तंत्र आलं, पाठपुरावा मात्र मागे राहिला. त्यात इथल्या तोंडांची दुखणीही सोपी नव्हती. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला मावा नगरच्या टपऱ्यांवर कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचला. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर ताठ होतं आणि तोंड हळूहळू मिटत जातं. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात. अशा रुग्णाच्या तोंडात एकही कसंबसं जातं. तिखट सोसत नाही, घास जात नाही, आणि काहींच्या बाबतीत पुढे कर्करोग होतो. राज्यात गुटखाबंदी २०१२ मध्ये आली, तरी सुपारीची सवय त्याने मोडली नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांचे सहा महिने कोपीत जातात. त्यांना तपासणीची तारीख देऊन उपयोग काय?

मग २०२१ चा उन्हाळा आला. करोनाच्या दुसऱ्या लाटेने जिल्हा पुरता पिळून निघाला. ऑक्टोबरमध्येही इथल्या ६१ गावांत टाळेबंदी लावावी लागली होती. त्या उन्हाळ्यात करोनातून उठलेली माणसं दाढ हलते म्हणून दंतवैद्यांकडे येऊ लागली. किडलेली नसताना वरच्या दाढा एकदम सैल व्हायच्या, हिरडीतून पू यायचा, गाल बधिर पडायचा, टाळूवर काळा डाग दिसायचा. हा म्युकरमायकोसिस. रक्तातली वाढलेली साखर आणि स्टेरॉइड मिळून या बुरशीला रान मोकळं करून देतात. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते आणि रक्त न मिळालेलं हाड मरतं. वरचा जबडा सायनसला लागून असल्याने बहुधा तोच जातो.

मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार अधिसूचित करायला सांगितलं. जुलैपर्यंत देशात ४५,००० हून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्यांत महाराष्ट्र आणि गुजरातचा वाटा सर्वांत मोठा होता. अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या ५० मिलिग्रॅमच्या कुपीसाठी नातेवाईक जिल्हे पालथे घालत होते, कारण साठ किलोच्या माणसाला दिवसाला सहा किंवा त्याहून जास्त कुप्या लागतात. औषधासोबत मेलेलं हाड काढावंच लागे. कुणाचा अर्धा वरचा जबडा गेला, कुणाचा सगळा, कुणाचा डोळाही. महात्मा फुले योजनेत या उपचारांचा समावेश झाला आणि त्यामुळे जीव वाचले. ज्या डॉक्टरांनी तेव्हा तासन्‌तास हे काम केलं, त्यांचं ऋण जिल्ह्यावर आहे.

पण सरकारी तक्ता बाधित, बरे झालेले आणि मृत एवढ्यावर थांबला. टाळू गेलेल्या माणसाचं पाणी नाकातून येतं. तो बोलतो ते घरच्यांनाही नीट उमगत नाही. चारचौघांत जेवायला बसणं तो सोडून देतो. ‘बरे झालेले’ या रकान्यात हा माणूस बसतो, आणि मला ते मान्य नाही.

अशा रुग्णाला आधी ऑब्च्युरेटर देतात, म्हणजे टाळूचं भोक बुजवणारी कवळी. उरलेल्या दातांना तिचे हूक अडकवतात. दातच उरले नसतील तर ती टिकत नाही. पुढचा उपाय गालाच्या हाडातल्या इम्प्लांटचा. साधा इम्प्लांट आठ ते पंधरा मिलिमीटरचा असतो, हा तीस ते पन्नासच्या घरातला, आणि त्याचीही कल्पना ब्रॉनेमार्क यांचीच. काहींना सीटी स्कॅनवरून बेतलेला टायटॅनियमचा सांगाडा बसवतात, काहींना पायाच्या हाडातून जबडा घडवून देतात. घास चावता येतो, आवाज परत येतो. खर्च मात्र लाखांत जातो.

आणि बसवलं म्हणजे संपलं, असंही नाही. साखर पुन्हा वाढली किंवा मावा चालूच राहिला, तर इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजते, हाड झिजतं, स्क्रू हलतो. कवळीही सैल होते आणि काही वर्षांनी नवी करावी लागते. २०२१ मध्ये चाळिशीत असलेल्या माणसाला हे सगळं जन्मभर सांभाळायचं आहे. त्यात नगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. आता त्याचं नाव अहिल्यानगर झालं, अंतरं तेवढीच आहेत. जामखेडहून लोणी दीडशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे रोजंदारी बुडवून, एसटी बदलत केलेली वारी.

त्याच जामखेडमध्ये १९७० पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने गावातल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंतचा पाठपुरावा त्या घरोघरी जाऊन करत. तसंच इथेही करता येईल. म्युकरच्या शस्त्रक्रिया झालेल्यांची यादी रुग्णालयांकडे आहे, गावोगाव आशा सेविका आहेत. आशाने दर तीन महिन्यांनी घरी जाऊन साखर तपासावी, कवळी बसते का आणि जेवता येतं का हे विचारावं, आणि अडचण असेल त्याला उपजिल्हा रुग्णालयातल्या दंतवैद्याकडे धाडावं. कवळी सैल झाल्यावर ती नीट करून घ्यायला त्याला लोणी गाठावं लागू नये.