आजोबांच्या ट्रंकेतल्या नोटा

गेल्या वैशाखात रामनगरहून मामेभावाचा फोन आला. “दादा, आजोबांच्या ट्रंकेत जुन्या नोटा सापडल्यात. एकजण लाखांच्या गोष्टी करतोय; आधी नोंदणीचे पाच हजार भरा म्हणतो. भरू का?” त्याच्या मुलीला बेळगावी नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीचा हप्ता तोंडावर आला होता. मी म्हटले, “मी येईपर्यंत एक पैसाही देऊ नकोस.” दोन दिवस शिकवण्या बंद ठेवून मी कोल्हापूरहून निघालो.

रामनगर जोयडा तालुक्यात येते. काळी नदीवरच्या धरणात जुने सुपे बुडाले, तेव्हा तिथली पुष्कळ कुटुंबे इथे वसली. मामांचे घर त्यांपैकीच. आजोबांचे दुकान मात्र कॅसलरॉक स्टेशनाजवळ होते. ब्रिटिश हिंदुस्थानची हद्द तिथे संपे आणि घाटाखाली पोर्तुगीजांचा गोवा लागे. साहजिकच त्यांच्या गल्ल्यात दोन्ही राज्यांचा पैसा पडे.

ट्रंक उघडली. काही नोटा पोर्तुगीज बँकेच्या, ‘रुपिया’च्या, वर आफोन्सो द आल्बुकेर्कचे चित्र आणि १९४५ सालची तारीख. ‘एस्कुदो’ची नोट मात्र एकही नव्हती. याचे कारण सोपे आहे. गोव्यात एस्कुदोच्या नोटा आल्या १९५९ साली, आणि कॅसलरॉकवरून जाणारी गाडी १९५५ सालीच बंद पडली होती. नोटांचा गठ्ठा असा आपला इतिहास आपणच सांगतो.

उरलेल्या सहाव्या जॉर्ज राजाच्या. जुनी नोट ओळखताना आधी पाहावी ती सही. जे. बी. टेलर यांची सही असेल तर नोट १९४३ पूर्वीची. चिंतामणराव देशमुखांची असेल तर त्यानंतरची. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. राजाच्या चित्राशेजारी आपल्या मराठी माणसाची सही पाहून आजही ऊर भरून येतो. मग नोट उजेडासमोर धरून कागदातले पाणचिन्ह पाहावे, क्रमांक पाहावा, आणि शेवटी प्रकृती: घडी, टाचणीची भोके, डाग, फाटलेले कोपरे. जुनी म्हणून नोट महाग होत नाही. मागे थोड्या उरलेल्या आणि कोऱ्या असलेल्या नोटेलाच मोल येते. लोक हौसेने नोटा धुतात, इस्त्री करतात, चिकटपट्टी लावतात. तसे केल्याने असलेली किंमतही जाते.

आमच्या नोटा हाताळून मऊ झालेल्या. मी स्पष्ट सांगितले, “बाबा, यात लाख नाहीत. दोन-तीन जाणकार विक्रेत्यांना दाखव, मिळेल ते हजारांतच मोज.” शिवाय विकत घेणाराच आधी पैसे मागतो, हे कुठले व्यवहारशास्त्र? जुन्या नोटांच्या व्यवहारात आपले नाव सांगून शुल्क उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेनेच २०२१ साली जाहीर केले आहे. वहिनींचा चेहरा उतरला. खरे बोलणे कधी कधी फार जड जाते.

तळाशी दहाची एक नोट होती, देशमुखांच्या सहीची. कोपऱ्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलेले: ‘पहिली बिदागी.’ अक्षर माझ्या वडिलांचे! सोळाव्या वर्षी ते दरबारात बुजुर्गांच्या मागे तंबोऱ्यावर बसू लागले. संस्थाने गेली, दरबार मोडला. त्यांचे लग्न फार उशिरा झाले आणि मी त्यांच्या उतारवयातला. ती नोट त्यांनी लग्नात सासऱ्यांच्या हाती ठेवली होती, असे आई सांगे. आजोबांनी ती कधीच मोडली नाही, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

“हिची किती येईल?” मामेभावाने विचारले.

“लिहिलेली नोट. सगळ्यांत कमी.”

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग नोट माझ्या हातात ठेवून म्हणाला, “मग ही तुझीच.”

फीचा पहिला हप्ता मी भरला. ती त्या नोटेची किंमत नव्हे, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.