कासव मोठं होतं, टब नाही!

निफाडची थंडी माहितीये ना? डिसेंबर-जानेवारीत पारा असा घसरतो की द्राक्षबागा वाचवायला शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. आपण स्वेटर चढवतो. पण प्लॅस्टिकच्या टबातल्या कासवाने काय करायचं?

हा प्रश्न मला घरातच पडला. चुलत भावाने तीन वर्षांपूर्वी नाशिकहून नाण्यापेक्षा जरासं मोठं कासव आणलं. डोळ्यामागे लाल पट्टा, एकदम क्यूट! आता ते बशीएवढं झालंय, पाण्याला वास मारतो. काकूंचा हुकूम निघाला, ‘नांदूरमध्यमेश्वरला सोडून ये, तिथे सुखात राहील.’

ते राहीलही सुखात, पण बाकीच्यांचं काय? हे ‘रेड-इअर्ड स्लायडर’, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. जगातल्या १०० सर्वात घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. खाणं आणि उन्हाला बसायच्या जागा, दोन्हींसाठी ते स्थानिक कासवांशी भांडतं, रोगही पसरवू शकतं. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं आपलं नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तिथे हे कासव सोडण्यात पुण्य नाही.

मग नीट सांभाळायचं कसं? सरपटणारे प्राणी आपल्यासारखी अंगात ऊब तयार करत नाहीत, ती बाहेरून घेतात. म्हणून पोहता येईल एवढं पाणी, फिल्टर आणि वर साधारण ३० अंशांची कोरडी, उबदार जागा हवीच. सोबत यूव्हीबी दिवा किंवा थेट ऊन हवं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, कारण काच यूव्हीबी किरण अडवते. ते मिळाले नाहीत तर कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. कासवाला हात लावला की साबणाने धुवायचा, त्याच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. याच कारणामुळे अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आहे. आणि हो, हा पाहुणा २०-३० वर्षं जगतो. तुमचं कॉलेज, नोकरी, लग्न, सगळं बघणार!

देशी प्राण्यांचा तर विचारच नको. तारा कासव, घोरपड, मांडूळ घरात ठेवणं हा वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथन, इग्वानासारख्या परदेशी प्राण्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. पावसाळ्यातला बेडूकही बरणीत भरू नका. तो त्वचेतूनच पाणी आणि ऑक्सिजन घेतो, त्यामुळे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा हाताचं सॅनिटायझर त्याला थेट भिनतं. जखमी वन्यप्राणी दिसला तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

आमचं कासव शेवटी घरीच राहिलं. भावाने मोठी टाकी आणली, दिवा लावला. काकूंची अट एकच, वाढीव वीजबिल त्याच्या पॉकेटमनीतून!