खड्याच्या पोटातला उजेड

गुरुपुष्यामृताच्या मुहूर्तावर घेतलेला खडा घरी येतो, पुडी उघडते, सगळे कौतुकानं बघतात आणि लगेच कुणीतरी मोबाइल बाहेर काढतं. फोटोत मात्र भलताच दगड दिसतो. दुकानात निळाभोर वाटलेला नीलम जवळजवळ काळा येतो, पुष्कराज पांढुरका पडतो आणि पाचूच्या मधोमध एक काळं भोक उमटतं. मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो. हा दोष खोटा आहे असं माझं ठाम मत आहे. साधा, खिशात मावणारा कॅमेरा खड्यांच्या फोटोला पुरून उरतो. कमी पडतो तो उजेड, आणि तोही प्रमाणानं नव्हे, दिशेनं.

पैलू पाडलेला पारदर्शक खडा समोरचं दृश्य पकडून परत पाठवतो. वरच्या सपाट पैलूतून, म्हणजे टेबलातून, प्रकाश आत शिरतो आणि खालच्या उतरत्या पैलूंवर आपटतो. तिथे तो ठरावीक कोनापेक्षा तिरका आपटला तर बाहेर न निसटता पुरताच्या पुरता आत परततो. हा कोन हिऱ्यात सुमारे २४ अंश, माणिक-नीलमात ३५ च्या आसपास आणि स्फटिकात ४० च्या थोडा वर. त्यामुळे हिरा प्रकाश सहज धरून ठेवतो आणि स्फटिकाच्या कारागिराला कोन फार जपावे लागतात. आता फोटो काढणाऱ्यानं यातून घ्यायचं ते असं: चांगल्या घडणीचा खडा जिकडून बघाल साधारण तिकडचंच तुम्हाला परत देतो. कॅमेरा अगदी नाकाशी नेलात तर पाचूत जे काळं भोक दिसतं, ते तुमच्या कॅमेऱ्याचं भिंग असतं. कॅमेरा हातभर मागे घ्या, झूम वाढवा, आणि भोक आपोआप लहान होतं.

रत्नांच्या अभ्यासाची परंपरा आपल्याकडे मोठी आहे, तिचा उल्लेख करायलाच हवा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रत्नपरीक्षा आहे, गरुडपुराणात आहे, आणि १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात औषधी वनस्पतींच्या जोडीनं हिऱ्यांची आणि इतर रत्नांचीही चर्चा आहे. नवरत्नं कुठली, ती कुठल्या ग्रहाची, हे वाचकांना ठाऊकच असतं. वजन कॅरेटमध्ये, आणि कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. एवढं पुरे, कारण मला उजेडाकडे जायचंय.

जव्हेऱ्यांचा जुना नियम आहे की खडा उत्तरेच्या खिडकीशी बघावा. तिथे थेट ऊन येत नाही, आकाशाचा सौम्य, सारखा उजेड येतो. नियम चांगलाच आहे, पण तो आपल्या अक्षांशावर बारा महिने चालत नाही, हे पुस्तकांत फारसं लिहिलेलं नसतं. पुणं-मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळची तिरीपही उत्तरेच्या खिडकीतून आत येते. त्या दिवसांत तिथे ठेवलेल्या खड्यावर ऊन पडून पैलूंवर पांढरे फटक डाग उठतात. जून लागला की मात्र ढग येतात, आणि पावसाळी आभाळासारखा उजेड विकत घ्यायला गेलात तरी मिळणार नाही. संपूर्ण आकाश पांढरं, सावल्या मऊ, रंग खरे. आणि दिवाळीच्या सुमारास सूर्य दक्षिणेला गेलेला असल्यानं उत्तरेची खिडकी दिवसभर मोकळी मिळते.

ज्यांच्या घराला उत्तरेची खिडकीच नाही त्यांनी श्रीखंडाचा डबा घ्यावा. पांढरा, अर्धपारदर्शक, प्लास्टिकचा. धुऊन कोरडा करून त्याचा तळ कापून टाकायचा, खड्यावर उपडा ठेवायचा, बाहेरून दोन बाजूंनी दिवे लावायचे आणि कापलेल्या गोलातून कॅमेरा आत बघेल असा धरायचा. डब्याची भिंत सगळीकडून उजळते, त्यामुळे खड्याला परत पाठवायला सगळ्या बाजूंनी पांढरंच मिळतं. अगदी छोट्या खड्याला टेबल टेनिसचा अर्धा कापलेला चेंडूही चालतो. पण डबा पूर्ण गोरा ठेवू नका. आत एका बाजूला बोटभर काळ्या कागदाची पट्टी चिकटवा. सगळं पांढरं झालं तर पैलूंच्या कडा हरवतात आणि खडा सपाट दिसतो. एका काळ्या पट्टीनं अर्धे पैलू गडद होतात आणि घडण उठून येते. ही पट्टी थोडीथोडी सरकवत बसण्यात माझ्या कितीतरी दुपारी गेल्या आहेत, आणि त्या मला फार आवडतात.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना हलणार नाही. आयएसओ सर्वांत खाली. फ्लॅश बंद. पांढऱ्या कागदावर खडा ठेवला की कॅमेरा कागद करडा करतो, म्हणून एक्स्पोजर थोडं वाढवा. काळ्यावर ठेवला तर कमी करा. माणकाच्या बाबतीत नेहमीच कमी ठेवा. क्रोमियममुळे पुष्कळ माणकं उन्हातल्या अतिनील किरणांनी आतून लाल पेटतात आणि कॅमेऱ्यात सगळं मिळून एक लाल ठिगळ होतं. छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा असतो, त्यामुळे मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा त्यात खड्याचा जास्त भाग एकाच वेळी स्पष्ट येतो. महागड्या यंत्रावर साध्या कॅमेऱ्याची ही खरी सरशी. मखमल टाळा, तिच्यावरचा प्रत्येक तंतू फोटोत दोरखंड होतो.

जयपूरच्या जोहरी बाजारात गेले होते तेव्हा एका व्यापाऱ्यानं मला खडा बघायची त्याची पद्धत दाखवली. त्यानं पुडीचा पांढरा कागद पसरला, चिमटीनं खडा उलटा, टेबल खाली करून ठेवला आणि आधी रंग बघितला. मग सरळ करून खडा छापील कागदावर धरला. मधोमध अक्षरं वाचता येत होती. याला ते ‘खिडकी’ म्हणतात. खालचे पैलू उथळ कापले की प्रकाश परत न येता खालून निसटतो आणि टेबलातून खालचा कागद दिसतो. वजन वाचवण्यासाठी असं कापतात. फोटो काढणाऱ्याला हे माहीत हवं, कारण खिडकी असलेल्या खड्याखाली लाल कापड ठेवाल तर खडा मधोमध लाल दिसेल. अशा खड्याखाली पांढरं किंवा फिकं करडंच ठेवा. बोटांच्या चिमटीत धरून काढलेला फोटोही मला आवडतो, त्वचेमुळे खड्याचा आकारही कळतो आणि रंगही.

काही खड्यांना मात्र श्रीखंडाचा डबा मारक आहे. तारा दाखवणारे नीलम आणि माणिक, लसण्या, चंद्रकांत म्हणजे आपला मूनस्टोन, यांना एकच छोटा, टोकदार दिवा हवा. ताऱ्याच्या नीलमात सुईसारखे अतिसूक्ष्म रुटाइलचे स्फटिक तीन दिशांना रांगा करून असतात, आणि त्यांच्यावरून उडालेला प्रकाश सहा किरणांचा तारा करतो. ढगाळ उजेडात तो विरून जातो. दोन दिवे लावले की दोन तारे दिसतात. मोबाइलचा टॉर्च हातभर उंचीवर धरून बघा, तारा खड्याच्या घुमटासारख्या माथ्यावर येऊन थांबतो, आणि टॉर्च हलवला की त्याच्यामागून चालतो. फोकस दगडाच्या पृष्ठभागावर बसवाल तर तारा धूसर येईल. थोडं पुढंमागं करून ताऱ्यावरच बसवायचा. दक्षिण भारतातल्या काळ्या डायॉप्साइडमध्ये चार किरणांचा तारा असतो, त्यातल्या दोन रेषा ठसठशीत आणि दोन पुसट, आणि त्या एकमेकींना काटकोनात छेदत नाहीत. स्वस्तात मिळणारा इतका सुंदर खडा दुसरा नाही.

चंद्रकांताबद्दल थोडं विषयांतर करते, कारण त्यात सर सी. व्ही. रामन आहेत. १९३०चं नोबेल मिळाल्यानंतरही त्यांचं मन दगडांत रमलेलं होतं. हिरे, ओपल, अकीक, फेल्डस्पार यांचा त्यांनी आयुष्यभर नाद केला, आणि १९५० च्या सुमारास सिलोनच्या चंद्रकांतावर आणि लॅब्रडोराइटवर सहकाऱ्यांबरोबर निबंध लिहिले. चंद्रकांत थंड होताना त्याच्यातले दोन प्रकारचे फेल्डस्पार पातळ थरांत वेगळे होतात आणि त्या थरांवरून विखुरलेला प्रकाश निळसर दुधाळ तरंगतो. त्याचा फोटो काळ्या कागदावर, एका बाजूनं एकच दिवा लावून काढायचा आणि खडा केसभर केसभर फिरवत राहायचा. निळाई अचानक येते.

पण माझा खरा जीव खड्याच्या पोटात आहे. बाजारात त्याला दोष म्हणतात. जाळं, चीर, डाग, दुधाळपणा, ज्योतिषी तर नावं घेऊन घाबरवतात. मला हे शब्द पटत नाहीत. खडा जमिनीत कसा वाढला, त्याच्याभोवती कुठले द्रव होते, तो कधी तडकला आणि तडा कसा बुजला, हे सगळं त्या तथाकथित दोषांत लिहिलेलं असतं. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड ग्यूबेलिन यांनी सबंध आयुष्य खड्यांच्या आतलं टिपण्यात घालवलं आणि जॉन कोइवुला यांच्याबरोबर १९८६ मध्ये त्याचा सचित्र ग्रंथ काढला. त्यातली चित्रं सूक्ष्मदर्शकातली आहेत. घरी आपल्याला तेवढं जमणार नाही, पण दहापट भिंग आणि साधा कॅमेरा यांत पुष्कळ काही दिसतं. दहापट भिंग साधारण अडीच सेंटिमीटरवर फोकस होतं. ते कॅमेऱ्याच्या तोंडाशी चिकटपट्टीनं बसवायचं आणि हळूहळू खड्याजवळ जायचं.

अडचण असते ती पैलूंची. ते लखलखतात आणि आतलं बघू देत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे खडा बुडवणं. छोट्या काचेच्या वाटीत ग्लिसरीन घ्यायचं आणि खडा त्यात सोडायचा. हवेचा वक्रीभवनांक १, ग्लिसरीनचा सुमारे १.४७, गोमेदाचा १.७४ च्या आसपास. हे अंतर कमी झालं की पैलू फिकट होतात आणि नजर आत शिरते. पूर्वी मी यासाठी खोबरेल वापरायचे, तेही चालतं, पण पुण्याच्या थंडीत ते थिजतं आणि खडा पांढऱ्या गोळ्यात अडकून बसतो. एक सूचना अगदी आवर्जून: मोती, पोवळं, ओपल, फिरोजा कधीही बुडवू नका, आणि पाचूही नाही. पाचूच्या भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं, ते आपण काढून टाकायला नको. ग्लिसरीनमधून काढलेला खडा कोमट पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुवा.

वाटीखाली पांढरा कागद, कागदाखालून उजेड, आणि वाटीत गोमेद. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा किती वेळ कॅमेऱ्याला हातच लावला नाही. पाण्यात गूळ विरघळताना ज्या मधुर लहरी उठतात, तशा लहरी दगडात कायमच्या थांबलेल्या असतात. मध्ये मध्ये गोलसर, पारदर्शक स्फटिकांचे कण. राहूचा खडा म्हणून घेतलेल्या कित्येक गोमेदांत हे असतं, आणि नेमकं यावरूनच तो गोमेद आहे असा अंदाज येतो. तसाच हिरव्या पेरिडॉटमध्ये एक काळा कण आणि त्याच्याभोवती चकतीसारखा चमकता तडा दिसतो. त्याला जगभर कमळाचं पान म्हणतात. पेरिडॉटमध्ये आणखी एक गंमत आहे, त्याच्यातून पलीकडच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, कारण प्रकाश आत शिरला की दोन वाटांनी जातो. झिरकॉनमध्ये ही जोडी याहून ठळक.

कोलंबियातला पाचू बघायची संधी मिळाली तर बुडवू नका, नुसता तिरका उजेड द्या. त्यात दातेरी पोकळी असते, पोकळीत खारट द्रव, द्रवात वायूचा बुडबुडा आणि मिठाचा चौकोनी स्फटिक, तिन्ही एकत्र. पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या हातून गोव्यात उतरलेल्या पाचूंपैकी कितीतरी कोलंबियाच्याच खाणींतले होते.

एका मैत्रिणीच्या आजीच्या लग्नातली कुडी दुरुस्तीला काढली, तेव्हा मधला लाल खडा सुटा हातात आला. घरात त्याला माणिकच म्हणत. ग्लिसरीनमध्ये सोडून, वाटीखाली अर्धा काळा आणि अर्धा पांढरा कागद ठेवून, दोन्हींच्या सीमेवर खडा आणला. बारीक, एकमेकींना समांतर आणि स्पष्ट वाकलेल्या रेषा दिसल्या. निसर्गात माणिक वाढतं तेव्हा त्याच्या वाढीच्या रेषा सरळ असतात आणि ठरावीक कोनात वळतात. वाकलेल्या रेषा येतात त्या ऑग्युस्त व्हर्नुइल यांच्या पद्धतीत. १९०२ मध्ये त्यांनी ती जाहीर केली: अॅल्युमिनाची पूड ज्वाळेतून खाली पडते, वितळते आणि थरावर थर चढत गोलसर कांडी तयार होते. ते थर म्हणजेच त्या वाकड्या रेषा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी माणकं आपल्याकडे भरपूर आली. मैत्रिणीनं तो फोटो छापून कुडीच्या डबीतच ठेवला, आजीच्या नावासह. मला विचाराल तर तो काळ, ती पद्धत आणि ती कुडी, तिन्हीचा तो उत्तम पुरावा आहे.

नैसर्गिक खड्यांमध्ये आतलं चित्र प्रत्येकाचं निराळं असतं, म्हणूनच सोनाराकडे द्यायच्या आधी तो फोटो हवा. एखादा कण, एखादी चीर, तिचा आकार आणि टेबलाच्या कुठल्या कोपऱ्याशी ती आहे, एवढं टिपलं की अंगठी परत आल्यावर तोच खडा आहे हे भिंगातून पडताळता येतं. कोंदणात बसल्यावर बाजूचा उजेड तुटतो, खालचे पैलू अर्धे झाकले जातात आणि ग्लिसरीनची वाटीही बाद होते. तीन फोटो काढा: सरळ वरून, टेबल खाली करून, आणि बाजूनं. बाजूच्या फोटोत मिलिमीटरची पट्टी येऊ द्या, कागदाच्या तुकड्यावर कॅरेटमधलं वजन आणि खरेदीची तारीख लिहून तोही चौकटीत ठेवा, आणि फोटो पावतीच्या पाकिटात.