मी रडली नव्हती, ताई!

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये कुणी केक शिकलं, कुणी योगासनं. मी लेख लिहायला शिकले, आणि तेही मोबाइलवर! बी.ए. होऊन बरीच वर्षं झालेली. त्यानंतर लिहिणं म्हणजे किराण्याची यादी आणि बचत गटाचं इतिवृत्त. पण पुरवण्या वाचताना नेहमी वाटायचं, आपल्या राजुऱ्याकडचं कुणी का लिहीत नाही? तेवढ्यात मैत्रिणीने मराठीतल्या एका सहा आठवड्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची माहिती पाठवली. भिशीचे पैसे आलेच होते. नाव नोंदवून टाकलं.

दिवाळीच्या सुमारास तास सुरू झाले. रात्री आठला तास, आणि घरात रेंज नाही. मग जेवणं लवकर उरकून, शाल गुंडाळून गच्चीवर. ‘‘आईची शाळा भरली,’’ असं मुलं चिडवायची.

सरांनी आधी बातमी आणि फीचरमधला फरक सांगितला. बातमीचे सहा ककार असतात : कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. महत्त्वाचं वर, बाकीचं खाली. जागा कमी पडली तर उपसंपादक खालून कापतो. फीचरचं तसं नाही. त्यात आधी माणूस दिसायला हवा, मग हा विषय आत्ताच का ते कळायला हवं, मग माहिती आणि आकडे. आणि शेवट भाषणाने करायचा नाही. हे शेवटचं वाक्य मी वहीत नीट लिहून घेतलं होतं बरं का!

पहिला गृहपाठ होता, ‘आपल्या गावाचा विषय’. मला शोधावा लागलाच नाही. राजुरा तालुक्यात आरटी-१ नावाच्या वाघाने बावीस महिन्यांत आठ माणसं मारली होती. दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी, २७ ऑक्टोबर २०२० ला, वनखात्याने त्याला पिंजऱ्यात पकडलं आणि नागपूरला गोरेवाड्याला नेलं. मी एका बैठकीत लेख लिहिला. सुरुवात अशी, ‘मानव-वन्यजीव संघर्ष ही आज एक ज्वलंत समस्या बनली आहे.’ पुढे ‘शासनाने’, ‘समाजाने’, ‘झालेच पाहिजे’. आणि ‘शेकडो बळी’सुद्धा!

सरांचं उत्तर दोन ओळींचं. ‘शेकडो हा आकडा कुठून आणला? आणि ताई, तुम्ही वावरात उभ्या आहात की व्यासपीठावर?’

खूप लागलं. इतकी वर्षं बायांमध्ये काम करतेय, आणि हे मला विचारतात? रात्री परत लेख वाचला. खरंच, त्यात एकही माणूस नव्हता. सामाजिक काम करताना आपल्याला बोलायची सवय लागते, ऐकायची सुटते, हे मला त्या गच्चीवर कळलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गटातल्या एका बाईकडे गेले. तिचं वावर जंगलाला लागून. सरांनी सांगितलं होतं, ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, ‘त्या दिवशी काय काय केलं?’ असं विचारा. तसं विचारलं आणि ती बोलत सुटली. सकाळी एकटीने जायचं नाही. एकीने ताट वाजवायचं, बाकीच्यांनी कापूस वेचायचा. ऊन कलायच्या आत घरी. जंगलाच्या कडेच्या ओळींत तर कोणी जातच नव्हतं, तिथला कापूस बोंडातच राहिला. वाघ पकडला तरी मजूर बाया त्या वावराकडे फिरकेनात. उधारी मात्र थांबत नव्हती. इतक्या वर्षांत बैठकीत ती यातलं एक अक्षर बोलली नव्हती, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

लेख पुन्हा लिहिला. ‘शेकडो’ खोडून ‘आठ’ केलं. वाटलं, आता लेख हलका होणार. पण आठ म्हटल्यावर आठ घरं डोळ्यांसमोर येतात, ‘शेकडो’मध्ये एकही येत नाही.

पाठवण्याआधी तिला वाचून दाखवला. ‘तिच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले’ या वाक्यावर तिने मला थांबवलं.

‘‘मी रडली नव्हती, ताई. मले राग आला होता. अन् वाघाचा नाही, तुमचाच! सारे विचारून जाता, वेचाले कोणी येत नाही.’’

मी काय बोलणार? ते वाक्य खोडलं आणि तिचं वाक्य जसंच्या तसं घातलं. पुढच्या रविवारी गटातल्या आम्ही आठ-दहा जणी तिच्या वावरात गेलो. माझा वेचा सगळ्यांत कमी भरला, हात मात्र सगळ्यांत जास्त ओरबाडले!

तो लेख दोन ठिकाणांहून परत आला. वाईट वाटलं, पण शिकायचं ते शिकून झालं होतं.

मैत्रिणींनो, तुम्हालाही लिहावंसं वाटत असेल तर आता वाटा पुष्कळ आहेत. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं, ते आपल्यासारख्या घरी राहून शिकणाऱ्यांसाठीच. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’वर २०१७ पासून घरबसल्या अभ्यासक्रम करता येतात. २०१४ मध्ये पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’वर गावखेड्यांतल्या माणसांवरचे लेख मराठीतही वाचायला मिळतात. अनिल अवचटांची पुस्तकं तर वाचनालयात असतातच. माणसांजवळ बसून कसं ऐकायचं, ते त्यांत दिसतं.

आणि ‘आपण कोण लिहिणार?’ असं मनात आलं तर मुक्ता साळवे आठवा. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली ही मांग समाजातली मुलगी. १८५५ साली तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. आपल्या लोकांचं दुःख तिने स्वतःच्या शब्दांत मांडलं होतं.

आता लेख झाला की मी तो आधी ज्याच्यावर लिहिला त्याला वाचून दाखवते. परवा तीच बाई बाजारात भेटली. म्हणाली, ‘‘अजून लिहिता का जी?’’

‘‘लिहिते की.’’

‘‘मंग यंदा वेचाले लवकर या!’’